क्लॅरिनेट थांबतं ती गल्ली

नवव्या भागाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि त्याचं नेमकं काय करायचं हे वाहिनीत कुणालाच सुचत नव्हतं. कुणालाच न सुचणारी कामं जिच्या टेबलावर येऊन पडत, तिच्याच टेबलावर हेही येऊन पडलं.

घरात तिला ठमी म्हणत. लहानपणी गोलमटोल होती म्हणून पडलेलं नाव. आता ती पन्नाशीला टेकलेली, काटकुळी, माहितीपट विभागातली सगळ्यात जुनी निर्माती होती. पण वडील अधूनमधून थेट ऑफिसच्या नंबरवर फोन करून "आमची ठमी आहे का हो जागेवर?" असं विचारत, त्यामुळे ते नाव तिथेही पोचलं होतं. तोंडावर मॅडम, पाठ वळली की ठमी.

मालिका होती विमा कंपनीच्या एका तपासनिसाची. दर आठवड्याला तो एका नव्या घराचं दार ठोठावायचा. नवव्या भागात तो एका उताराच्या गल्लीत येतो. नुकत्याच वारलेल्या एका माणसाच्या मुलीला त्याला काही विचारायचं असतं. वरच्या खिडकीतून क्लॅरिनेट ऐकू येत असतं. सूर चढत चढत जातात आणि एका जागी थांबतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, पुन्हा तिथेच थांबतात. तपासनीस दिवसभर समोरच्या पायरीवर बसून ते ऐकतो आणि संध्याकाळी दार न ठोठावताच निघून जातो. गोष्ट एवढीच. पण तेवढ्यानं लोकांना वेड लावलं होतं. त्या थांबण्यावर लोकांनी प्रबंध लिहिले. वडिलांच्या मरणाच्या पुढे मुलीला जाता येत नाही, असं कुणी म्हणे. दुसरं कुणी म्हणे, ती जातच नाही, कारण तिला कुणीतरी ऐकतंय हे कळलेलं असतं.

ती गल्ली ठमीच्या बाबांची होती. त्या मालिकेचे नेपथ्यकार तेच.

"म्हणजे घरचंच कार्य," वाहिनीचा प्रमुख म्हणाला. त्याला सगळे ‘तातडी’ म्हणत, कारण त्याचा प्रत्येक निरोप त्याच शब्दानं सुरू व्हायचा. ठमीपेक्षा तो बराच लहान होता. "खरी गल्ली दाखवा, खरं संगीत दाखवा. जिथे शूटिंग झालं तिथे वडिलांना उभं करा. डोळ्यांत पाणी, वर ड्रोन. झालं!"

"सर, शूटिंग स्टुडिओत झालं होतं."

"आपल्या वेबसाइटवर तर डोंगरावरचं ते गाव लिहिलंय."

"वेबसाइटवर चुकीचं लिहिलंय. मी कितीदा तरी कळवलंय."

"मग आता तिथे जाऊन कार्यक्रमच करा ना," तातडी म्हणाला आणि त्याचा फोन वाजला. त्याच्याशी झालेलं प्रत्येक बोलणं असंच संपायचं.

संध्याकाळी ती बाबांकडे गेली. बाबा ब्याऐंशी वर्षांचे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले आणि जीभ मात्र शाबूत. तिनं ‘लोकेशन’ हा शब्द उच्चारला मात्र, त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

"लोकेशन कसलं? प्लायवूड होतं ते! प्लायवूड, गोणपाट आणि प्लास्टर. ती दगडी फरसबंदी दिसते ना, ते अंड्यांच्या ट्रेमध्ये ओतलेलं प्लास्टर आहे. मी स्वतः ओतलंय. भिंती हिरव्या रंगवल्या होत्या, कारण काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यात हिरवाच रंग चांगला करडा दिसायचा."

"मला ठाऊक आहे, बाबा."

"तुला असेल गं. जगाला कुठे ठाऊक आहे?"

हे गाऱ्हाणं ठमी कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. काम जितकं चोख झालं होतं, तितकं ते कुणी केलंय हेच लोकांना पटत नव्हतं. लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की समोरचा म्हणायचा, "वा! काय सुंदर जागा शोधून काढलीत हो!" आणि बाबा जेवण अर्धवट टाकून उठायचे. आई होती तोवर ती त्यांची बाही धरून त्यांना पुन्हा बसवायची. आता ते काम ठमीचं होतं.

"तुम्ही या तिथे," ती म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर स्वतः सांगा, हे ते नाही म्हणून."

तिला वाटलं होतं, ही नामी युक्ती आहे.

डोंगरावरचं ते गाव देखणं होतं, त्याला कुणाचाच इलाज नव्हता. फुलांच्या कुंड्या, दगडी पायऱ्या आणि गल्लीच्या तोंडाशी पितळी पाटी: ‘येथे नवव्या भागाचे चित्रण झाले.’ एक माणूस छत्री उंच धरून वीस-पंचवीस पर्यटकांना पुढे नेत होता. ठमीनं कॅमेरामनला खूण केली. बाबा तिच्या हाताला धरून, दर दोन पायऱ्यांवर थांबत चढत होते.

"आणि हा," छत्रीवाला एका घरापुढे थांबून म्हणाला, "तो सुप्रसिद्ध पिवळा दरवाजा!"

"पिवळा?" बाबा मागून ओरडले. "तो भाग काळा-पांढरा होता!"

पर्यटक वळून पाहायला लागले. छत्रीवाला गोड हसला. "हो काका, पण प्रत्यक्षात पिवळाच होता. आम्ही तोच रंग जपलाय."

"प्रत्यक्षात काही नव्हतंच! दरवाजाच नव्हता. नुसती चौकट आणि मागे काळा पडदा. आणि ऊन कुठून येतंय बघा. भागात ते डावीकडून येतं. इथे डावीकडे डोंगर आहे! सूर्य काय डोंगर पोखरून येणार?"

"काका," छत्रीवाला अगदी प्रेमानं म्हणाला, "तुम्ही बहुतेक तो भाग नीट पाहिला नसेल. खाली दुकानात त्याची डीव्हीडी मिळते."

लोक हसले. वाईट हसले नाहीत. घरातल्या म्हाताऱ्यांना हसतात तसे हसले. बाबांचा चेहरा असा झाला की ठमीनं पटकन कॅमेरामनपुढे हात आडवा धरला. नंतर तिला कळलं, की त्याआधीच त्यानं सगळं टिपलं होतं. त्याहून नंतर कळलं, की तातडीला तेवढाच भाग आवडला. "गोड आहेत हो तुमचे वडील," तो म्हणाला.

परतताना गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत गप्प बसले. ते ओरडत तेव्हा ठमीला फारसं काही वाटत नसे. त्यांचं गप्प बसणं तिला सोसत नसे.

"खरी बघायची आहे का?" ते एकदम म्हणाले.

"काय खरी?"

"गल्ली. जिची मापं घेऊन मी ती उभी केली. शहरातच आहे. कातडी कमावायच्या कारखान्यामागे."

तिनं करकचून ब्रेक दाबला. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी? सगळे विचारतात, शूटिंग कुठे झालं. कुठून घेतलं, हे कुणी विचारत नाही."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण मागून हॉर्न वाजायला लागले होते. तिनं गाडी पुढे काढली.

कारखाना कधीच बंद पडला होता. गल्लीच्या एका बाजूची घरं पाडून तिथे बहुमजली पार्किंग झालं होतं. दुसरी बाजू उभी होती, पण निम्म्या खिडक्यांना पत्रे ठोकलेले. उतार मात्र तोच. बाबा गाडीतून उतरले आणि काठीनं दाखवू लागले, आणि ठमीच्या अंगावर काटा आला. कारण ती गल्ली तिला तोंडपाठ होती. कठड्याचं ते वळण, भिंतीचं ते पोट, वरच्या मजल्यावरची ती अरुंद खिडकी. लहानपणी घरात तिची चित्रं टांगलेली होती. ही जागा खरोखर कुठे असेल, असा विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता.

"मी आणि आमचा साउंडवाला आलो होतो," बाबा म्हणाले. "तो बिचारा गेला आता. मी मापं घेत होतो आणि तो रस्त्याचे आवाज टिपत होता, हातगाड्या, पावलं, असलं काहीबाही. आणि त्या खिडकीतून क्लॅरिनेट यायला लागलं. एक मुलगी रियाज करत होती. तिथेच थांबायची, पुन्हा सुरू करायची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. त्यानं माईक काठीला बांधून वर धरला."

"म्हणजे भागात जे वाजतं ते…"

"तेच. मुलीचंच."

"पण संगीत म्हणून संगीतकाराचं नाव आहे, बाबा!"

"त्यानं खाली थोडी व्हायोलिनं भरली. त्याचं नाव यायलाच हवं."

"आणि त्या मुलीचं?"

बाबांनी खांदे उडवले. "रस्त्यावरचा आवाज होता तो. हातगाडीवाल्याचं नाव कुठे लावतो आपण?"

आयुष्यभर स्वतःच्या नावासाठी जेवणाची पानं टाकून उठलेला माणूस हे बोलत होता.   ठमीनं त्यांना गाडीत बसवलं आणि कोपऱ्यावर कपडे उसवून-शिवून द्यायचं एक दुकान होतं, तिथे शिरली. मशीनवर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर न करताच सांगितलं, "वरच्या खिडकीत क्लॅरिनेट? म्हणजे रात्रपाळीवाल्याची पोरगी. नदीकाठच्या संगीतशाळेत शिकवते ती. माझी नात जाते तिच्याकडे. रडत जाते."

संगीतशाळेतली खोली लहान होती. एक पियानो, मिटून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला बुचाचे तक्ते. सगळे त्यांना बाई म्हणत. साठी ओलांडलेल्या, आखूड केस, ताठ पाठ. ठमीनं आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं. बाईंनी क्लॅरिनेटचा एकेक तुकडा पुसत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"स्वतःचं वाजवणं ओळखू येणार नाही का मला? ऑर्केस्ट्रात असताना एकदा बोलून गेले, ती मीच म्हणून. सगळे हसले. पुन्हा कुणाजवळ बोलले नाही." त्यांनी फडकं झटकलं. "आणि तुम्हाला सांगते, वैताग आणलाय त्या भागानं. पोरं येतात, त्या जागेपर्यंत वाजवतात, थांबतात आणि डोळे मिटून घेतात. मी म्हणते, मिटू नका, पुढे जा! ते गाणं नाहीये. व्यायाम आहे, बोटांचा व्यायाम. माझ्या मास्तरांनी माझ्यासाठी बांधलेला."

"मग थांबणं?"

"खालच्या सुरांवरून वर जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम बसावी लागतात. एक भोक जरी उघडं राहिलं तरी हे किंचाळतं." त्यांनी क्लॅरिनेट उचलून दाखवलं. "मला त्या वयात ते जमत नव्हतं. नंतर जमलं. चांगलं जमलं. पण तेव्हा काठीला माईक बांधून कुणी उभं नव्हतं."

ठमीला हसू आलं, पण बाई हसल्या नव्हत्या.

"पूर्ण वाजवाल का? कॅमेऱ्यासमोर?"

"पूर्ण दाखवाल का?"

"दाखवीन."

"मध्येच तोडाल. तुमची माणसं तोडतात."

"नाही तोडणार. शब्द देते."

बाईंनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. "बघा हं," त्या म्हणाल्या.

ऑफिसात परत येईपर्यंत ठमीच्या अंगात नवं बळ आलं होतं. खरी गल्ली सापडली होती, खरं वाजवणारी बाई सापडली होती. याहून जास्त काय हवं असतं? तातडीनं ऐकून घेतलं आणि पेन टकटकवलं.

"पार्किंगचे शॉट्स? कोण बघणार? गल्ली डोंगरावरचीच ठेवू. आपला करार आहे त्या गावाशी. बाई ठीक. बाई भारीच आहेत. पण पूर्ण कशाला? लोकांना ती थांबलेलीच हवीय."

"सर, त्यांची अटच ती आहे."

"दोन्ही रेकॉर्ड करा. थांबलेलं आणि पूर्ण. मग बघू."

‘मग बघू’ या शब्दांनी आजवर तिचे किती कार्यक्रम गिळले होते याचा हिशेब तिनं सोडून दिला होता. तरी तिनं मान हलवली. आधी रेकॉर्डिंग तर होऊ दे, मग भांडू, असं ठरवून.

रेकॉर्डिंगला यायचा हट्ट बाबांनी धरला. त्यांना जिन्यावरून खाली आणण्यातच तिची निम्मी शक्ती गेली. संगीतशाळेत त्यांना कोपऱ्यात खुर्ची दिली. बाईंनी त्यांना मान लवून नमस्कार केला, त्यांनीही केला. सगळं सुरळीत चाललं होतं. कॅमेरा सुरू झाला, बाईंनी वाद्य ओठांना लावलं, आणि बाबा म्हणाले, "त्या तिथे थांबा हं."

बाईंनी वाद्य खाली घेतलं.

"बाबा!"

"नाही, मी आपलं सांगतोय. माझी सगळी गल्ली त्या थांबण्यावर उभी होती. ती खिडकी मी तेवढी अरुंद का केली? पायरी समोर का घेतली? पुढे वाजवलं की तपासनीस उठून दार ठोठावणार. मग संपलंच ना सगळं!"

"तुमची गल्ली?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कॅमेरामननं डोळा कॅमेऱ्यापासून बाजूला घेतला. "मी राहत होते तिथे."

"हो, पण—"

"मी का थांबायचे ते तुम्हाला माहीत आहे? माझे वडील रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा पलीकडच्या खोलीत झोपायचे. क्लॅरिनेट किंचाळलं की ते उठायचे. उठले की पट्टा काढायचे. म्हणून मी त्या जागेपर्यंत जायचे आणि परत फिरायचे. ते कारखान्यात गेल्यावर वाजवावं, तर शेजारी तक्रार करायचे. मास्तर विचारायचे, सराव का नाही केलास? काय सांगणार होते त्यांना?"

बाईंनी पुसायचं फडकं पुन्हा हातात घेतलं.

"ते वाजवणं…" ठमी म्हणाली आणि पुढचा शब्द तिनं गिळला. पण बाईंना तो ऐकू आलाच.

"सुंदर म्हणू नका. अजिबात म्हणू नका. हे असं म्हणतील म्हणून मी कुणाला सांगत नव्हते. सुंदरबिंदर काही नाही. मार खायची भीती होती."

बाबा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होते. माफी मागायला त्यांना कधीच जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. ते एवढंच म्हणाले, "वाजवा. तुम्हाला हवं तसं."

बाईंनी वाजवलं. सूर चढत गेले आणि ती जागा आली. ठमीला आपले खांदे आवळलेले जाणवले. त्या खोलीतला प्रत्येकजण जन्मभर तिथे थांबत आला होता. बाई पुढे गेल्या. काहीच झालं नाही, सूर सरळ पलीकडे गेला, स्वच्छ. वर एक छोटीशी गिरकी घेतली, एक खोडकर उडी मारली, आणि लगेच संपलं. आनंदी होतं ते, जरासं बालिशही. एका मास्तरांनी एका लहान मुलीला हसवायला बांधलेलं.

"एवढंच?" कॅमेरामनच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच," बाई म्हणाल्या. आणि तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

बाबांनी मान हलवली. "छान आहे," ते म्हणाले. "पण मी हे वापरलं नसतं."

"मीही तुम्हाला दिलं नसतं."

ठमीनं थांबलेलं रेकॉर्ड करायला सांगितलंच नाही. तिनं स्वतः बसून कार्यक्रम जोडला. पार्किंग ठेवलं, पत्रे ठोकलेल्या खिडक्या ठेवल्या, आणि शेवटी बाईंचं पूर्ण वाजवणं. प्रक्षेपणाच्या आठवड्यात तातडीनं तिला अंतिम प्रत पाहायला बोलावलं. "थोडी कात्री चालवलीय," तो म्हणाला. "शेवट कसला भारी झालाय बघा!"

सुरुवातीला डोंगरावरचं गाव, वरून ड्रोन. मध्ये बाबा, "सूर्य काय डोंगर पोखरून येणार?" असं ओरडणारे, आणि त्याखाली मजेशीर संगीत. मग बाई. बाई वाद्य उचलतात, सूर चढतात, ती जागा येते, आणि नेमक्या तिथे आवाज तुटतो. बाईंचा चेहरा पडद्यावर थिजतो. हळूहळू अंधार. संगीत म्हणून संगीतकाराचं नाव.

पन्नास वर्षांनी त्या मुलीला पुन्हा त्याच जागी थांबवलं होतं.

"मी शब्द दिला होता," ठमी म्हणाली.

"तुम्ही दिला होता, वाहिनीनं नाही. अहो, भावनिक होऊ नका. पुढे ते काय, बडबडगीत वाटतं."

"तिथे मार होता, सर. त्या थांबण्यात मार होता."

"मग तर अजूनच प्रभावी!" तातडी म्हणाला. त्यालाही बहुधा आपण काय बोललो ते ऐकू आलं, कारण तो फोन न वाजताच उचलून बघू लागला.

एकच गोष्ट हातात उरली होती. परवानगीच्या कागदावर बाईंची सही अजून व्हायची होती. तो कागद घेऊन ऑफिसचा माणूस निघायच्या आत ठमी संगीतशाळेत पोचली. दारातच तिनं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"सही करू नका," ती म्हणाली. "सही नसेल तर त्यांना तुम्हाला दाखवता येणार नाही."

"आणि पूर्ण वाजवलेलं?"

"तेही नाही."

"म्हणजे एकतर तोडलेलं, नाहीतर काहीच नाही."

"हो."

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या खोलीत कुणीतरी तोच व्यायाम घोटत होतं, थांबत होतं. त्यांनी भिंतीवर जोरात थाप मारली. "पुढे जा!" पलीकडे एक चिरकी किंकाळी उठली, आणि मग शांतता.

"काहीच नको," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही शब्द द्यायला नको होता मला. मी काही मागायला आले नव्हते. माझं बरं चाललं होतं."

"खरंय," ठमी म्हणाली. 

कार्यक्रम ठरल्या वेळी लागला. बाईंच्या जागी जुन्याच भागातला तुकडा टाकला होता. ठमीनं आपलं नाव काढून घेतलं होतं. ते काढल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सही रोखली कुणी, हे मात्र तातडीच्या बरोबर लक्षात आलं होतं. पुढच्या महिन्यापासून तिची बदली पाककृतींच्या कार्यक्रमावर झाली होती.

संध्याकाळी ती बाबांकडे बसून कार्यक्रम बघत होती. म्हणजे बाबा बघत होते आणि ती बाबांना बघत होती. डोंगरावरचं गाव आलं की ते टीव्हीशी भांडत. स्वतःचं दर्शन झालं तेव्हा मात्र गप्प झाले. "म्हातारा झालोय गं मी," एवढंच म्हणाले. मग जुन्या भागातला तो तुकडा लागला, गल्ली, पायरी, अरुंद खिडकी. क्लॅरिनेट चढत गेलं आणि थांबलं. बाबांनी रिमोट उचलून आवाजच बंद केला.

कार्यक्रम संपतो न संपतो तोच घरचा फोन वाजला. ठमीनं उचलला. बाई होत्या. नंबर शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून मिळाला म्हणाल्या, बाबांनी त्या दिवशी ठमीच्या हातून त्याच्या दुकानात आपलं कार्ड ठेवायला लावलं होतं, कुणाला काही विचारायचं झालं तर असावं म्हणून.

"आजवर मी त्या भागातली गल्ली कधी नीट बघितली नव्हती. आज बघितली," त्या म्हणाल्या. "वडील आहेत का? द्या त्यांना."

ठमीनं फोन बाबांच्या हाती दिला. बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"पाण्याचा पाइप तुम्ही चुकीच्या बाजूला लावलाय."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "चुकीच्या? तो बरोबर बाजूला लावला असता तर कॅमेरा कुठे ठेवला असता मी? तुमच्या डोक्यावर?"

"आणि आमच्या खिडकीला पडदा कधीच नव्हता."

"पडदा नव्हता? मी स्वतः बघितलाय! निळा होता."

"ते वडिलांचं अंथरूण. वाळत घातलेलं."

 बाबांनी मांडी ठोकली. "बरं, तुम्ही या इथे. मी मूळ मापं काढून दाखवतो. कागदावर काढतो सगळं."

"तिसरा मजला ना? लिफ्ट नाही म्हणे. मी नाही चढणार. तुम्ही या."

"माझे गुडघे गेलेत!"

"माझेही गेलेत!"

ठमी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. बाहेर आवाज चढतच होता. आता ते कठड्याच्या वळणावर आले होते. कुणी कुणाकडे जायचं, रविवारी की सोमवारी, यावर पुन्हा एकदा जुंपली. गाडी कोण चालवणार, हे मात्र दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.